पाय कसा टेकतो ते राहू दे, कुठे टेकतो ते बघ

जांबोटी भागातल्या 19 वर्षांच्या एका मुलाने विचारलंय: "अग्निवीरच्या भरतीसाठी पळतोय. 1600 मीटरला 6 मिनिटं 5 सेकंद लागतात, त्याखाली टायमिंग येतच नाही. दीड महिन्यापासून दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात. मित्र म्हणतात, तू टाचेवर पळतोस, चवड्यावर पळायला शिक. एकजण म्हणतो, बूट काढून अनवाणी पळ, आपले आजोबा तसेच पळायचे. काय करू?"

दर पावसाळा उघडला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. गेली 22 वर्षं मी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आणि आसपासच्या गावांत भरतीच्या पोरांचा सराव घेतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो, काकती-येळ्ळूरपासून निपाणी-संकेश्वरपर्यंतच्या बाकीच्या पोरांनाही उपयोगी पडेल.

टायमिंगचं नंतर बघू, आधी नडगी. बसून पाय सैल सोड आणि घोट्याच्या वरून नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने दाबत दाबत वर जा. चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर हाडाच्या कडेवर ताण आलाय. भार कमी करून, पळण्यात बदल करून तो उतरतो. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबल्यावर जीव कळवळत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा त्या पायावर एक उडी मारली तरी कळ येत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद. हाडाला बारीक चीर जायला लागल्याची ती खूण असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखव. आणि एक लक्षात ठेव, अशी चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. माझ्याकडचा एक मुलगा "एक्स-रे साफ आहे, सर" म्हणत पळत राहिला आणि मीही त्याला पळू दिलं. महिन्याभराने दुसरा एक्स-रे काढला तेव्हा हाडावर रेघ दिसली. त्याची त्या वर्षीची भरती गेली, आणि पुढच्या वर्षी तो वयात बसला नाही. तेव्हापासून एका बोटाखाली दुखतंय म्हणणाऱ्या पोराला मी ग्राउंडवर पाय ठेवू देत नाही. कितीही विनवण्या केल्या तरी नाही.

तुझं दुखणं पट्ट्याचं आहे असं धरून पुढचं लिहितो.

चवड्यावर पळण्याचा सल्ला तुला मिळालाय तो पोरं एकमेकांना वर्षानुवर्षं देत आलीत. मीही तो दिलाय. साधारण 12 वर्षांपूर्वी मी अख्ख्या बॅचला एका सोमवारी सांगितलं, आजपासून टाच टेकवायची नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत चौघांच्या पोटऱ्या धरल्या होत्या, आणि एकाची टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, अशी सुजली की त्याला सकाळी उठल्यावर जिना उतरता येईना. चवड्यावर पाय टेकला की धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. गुडघ्यावरचा भार थोडा उतरतो आणि पोटरी, घोटा, टेंडन यांच्यावर चढतो. पळताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. तुझं वजन 60 किलो असेल तर एका पायावर दीडशे किलोंच्या आसपास भार. तो कुठेतरी झेलावाच लागतो, आणि ज्या पोटरीला त्याची सवय नाही ती तीन आठवड्यांत तयार होत नाही.

टाचेवर पाय टेकणारा हळूच पळतो, हेही खरं नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानमधल्या हाफ मॅरेथॉनमध्ये 15 किलोमीटरच्या टप्प्यावर वरच्या दर्जाच्या 283 धावपटूंची पावलं कॅमेऱ्यात टिपली होती. चारातले जवळजवळ तीन टाचेवर टेकत होते. निव्वळ चवड्यावर टेकणारे शंभरात दोनसुद्धा नव्हते. पुढच्या गटात तळव्याच्या मधोमध टेकणाऱ्यांचं प्रमाण थोडं जास्त होतं एवढंच. तेव्हा टाचेला दोष देणं सोड.

दोष बहुतेक वेळा पाय फार पुढे टाकण्यात असतो. हे तुला तुझ्याच शिवारात बघता येईल. पाऊस उघडून दोन दिवस झाले की आपली तांबडी माती ओली पण घट्ट असते, तेव्हा शेताकडच्या वाटेवर तुझ्या नेहमीच्या वेगाने 50 पावलं पळ. मग मागे वळ, खाली बस आणि ठसे बघ. टाचेचा खड्डा खोल गेलाय, आणि खड्ड्याच्या पुढच्या काठाला माती पुढे ढकलून बारीक उंचवटा झालाय, असं दिसलं तर प्रत्येक पावलाला तू ब्रेक मारतोयस. पाय शरीराच्या फार पुढे पडतो, जमिनीला पुढे रेटतो, जमीन तुला मागे रेटते, आणि गेलेला वेग चवड्याने पुन्हा कमवावा लागतो. चांगल्या पळणाऱ्याच्या ठशात टाच आणि चवडा जवळपास सारखे उमटतात आणि अंगठ्याच्या मागे माती सरकलेली दिसते. येळ्ळूरच्या एका पोराचे असे ठसे मी त्याच्या वडिलांना दाखवले होते. आयुष्यभर बैलांचे खूर बघितलेला माणूस, त्यांना ते मला सांगायच्या आधीच कळलं.

मोबाइलवरही दिसतं. मित्राला गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून बाजूने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांग. पाय जमिनीला लागतो त्या क्षणी चित्र थांबव. नडगी सरळ उभी असेल, म्हणजे घोटा गुडघ्याच्या बरोबर खाली असेल, तर टाच आधी लागली तरी बिघडत नाही. नडगी मागे कललेली असेल, गुडघा ताठ आणि बुटाचं टोक आकाशाकडे असेल, तर तुझ्या नडगीदुखीचं एक मोठं कारण तिथेच आहे. हाच पोरगा चवड्यावर आला आणि पाय तेवढाच पुढे टाकत राहिला तर दुखणं फक्त खाली पोटरीत उतरेल.

पाय अंगाखाली आणायचा कसा? "पाय जवळ टाक" असं सांगून भागत नाही, पोरं विचार करत पळायला लागतात आणि अंग ताठ होतं. त्यापेक्षा पावलांची संख्या वाढव. नेहमीच्या वेगात पळताना 30 सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोज, त्याला चाराने गुण. 40 आले तर मिनिटाला 160 पावलं. भरतीच्या पोरांत ही संख्या मला सारखी दिसते. आता हिशेब बघ. 6 मिनिटं 5 सेकंदांत 1600 मीटर म्हणजे मिनिटाला साधारण 263 मीटर. 160 पावलं असतील तर एक पाऊल 1.64 मीटरचं. भरतीत या पळण्याचे पूर्ण 60 गुण मिळवायला साडेपाच मिनिटांच्या आत यायचं, म्हणजे मिनिटाला 291 मीटर. पाऊल तेवढंच ठेवलंस तर मिनिटाला 177 पावलं लागतील. म्हणजे तुझ्या मनात जे आहे, की टायमिंग उतरवायला टांगा लांब टाकायच्या, त्याची गरजच नाही. आत्ताची टांग पुरेशी आहे, ती लवकर उचलायला हवी. दम लागतो तो वेगळा, तो रोजच्या पळण्यानेच वाढतो.

सगळ्यांनी 180 च पावलं टाकावीत असं मात्र नाही. तो आकडा 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजून जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी प्रसिद्ध केला, आणि ते स्पर्धेच्या वेगात पळत होते. उंच पोराची संख्या कमी राहील, सावकाश पळताना तुझीही कमी राहील. तू एवढंच कर, आत्ता आहे त्यापेक्षा 5 टक्के वाढव. 160 असेल तर 168. मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरवून दिलेल्या तालात टकटक करणारं, ॲप फुकट मिळतं, त्याच्या टकटकीवर आठवड्यातून दोनदा, एक मिनिट पळ, दोन मिनिटं टकटक बंद करून पळ, असं सहा वेळा. वेग वाढवायचा नाही, ही अट सगळ्यात अवघड आहे. संख्या 5 ते 10 टक्के वाढवली की गुडघ्यावर आणि कमरेच्या सांध्यावर येणारा भार कमी होतो हे प्रयोगांत मोजलेलं आहे. तीन-चार आठवड्यांनी ती चाल अंगात बसते. पुढचे 5 टक्के त्यानंतरच.

कानाचाही उपयोग कर. पहाटे कॅम्पच्या बाजूने पळताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची तुकडी शेजारून गेली की नीट ऐक. जुन्या, मुरलेल्या पळणाऱ्याचा पाय वाजत नाही. थप-थप आवाज येतो तो नव्याचा. मी पोरांना डोळे न वापरता एकमेकांच्या मागून पळायला लावतो आणि विचारतो, कुणाचा पाय वाजतो? उत्तर कधी चुकत नाही.

चढावर पळणं हाही चांगला मास्तर आहे. राजहंसगडाच्या रस्त्यावर वर पळताना पाय पुढे टाकायला जागाच उरत नाही, जमीन आधीच पायाखाली येते. आठवड्यातून एकदा, 20-25 सेकंदांचे सहा चढ पुरे. उतरताना मात्र चालत ये. उतारावर पाय आपोआप पुढे पडतो, ब्रेक लागतो, आणि तुझ्या नडगीला आत्ता नेमकं तेच नको आहे.

आता पाऊल. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात, आणि आपण त्याला बुटात बांधून विसरून जातो. जमिनीवर सरळ उभा राहा, पायावर भार असू दे, आणि हाताने फक्त अंगठा वर उचल. तळव्याची कमान आपोआप वर येते, घोटा थोडा बाहेर वळतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा गेलेला असतो. अंगठा वर गेला की तो पट्टा रहाटावरच्या दोरासारखा गुंडाळला जातो, कमान घट्ट होते, आणि मऊ पाऊल ताठ तरफ बनतं. हिक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 1954 मध्ये हे समजावून सांगितलं. पळताना पाय उचलायच्या क्षणी हेच घडतं. पाय टेकताना पाऊल मऊ राहून धक्का जिरवतं, सोडताना ताठ होऊन ढकलतं. अंगठा वर जात नसेल, म्हणजे घट्ट बुटाने किंवा जुन्या मुरगळीने आखडला असेल, तर पाऊल बाहेरच्या कडेवरून सुटतं आणि ताण नडगीवर आणि पोटरीवर जातो. म्हणून मी नव्या पोराचे बूट बघायच्या आधी अंगठे बघतो.

सपाट तळव्याची धास्ती बऱ्याच जणांना असते, भरतीच्या मेडिकलमध्ये ते बघतात म्हणून. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर तुझं पाऊल लवचिक आहे. पाऊल आतल्या बाजूला कलतं म्हणून दुखापत होतेच असंही नाही. 2014 च्या एका डॅनिश अभ्यासात 927 नवशिक्या धावपटूंना साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा पाऊल जास्त आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. तेव्हा दुकानदार "सपोर्ट"वाला महागडा बूट गळ्यात मारत असेल तर ते पैसे दूध-अंड्यांना ठेव.

पोटरीची ताकद मात्र हवीच, आणि तुझ्या दुखण्याचं दुसरं कारण मला तिथे दिसतं. भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभा राहा, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, सावकाश. किती होतात? दोन्ही पायांवर प्रत्येकी 25 व्हायला हवेत. 1600 मीटर पळणारी पोरं दहा-बाराला थरथरतात तेव्हा मला काळजी वाटते. आठवड्यातून तीन दिवस कर: घराच्या पायरीच्या काठावर चवडा ठेव, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घाल म्हणजे अंगठा वर राहील. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांब, तीन सेकंदांत खाली. एका पायावर 12, असे तीन वेळा. मग गुडघा थोडा वाकवून पुन्हा तेवढेच, कारण पोटरीच्या आतला सोलियस स्नायू वाकलेल्या गुडघ्यातच जास्त काम करतो आणि पळताना सगळ्यात जास्त राबणाऱ्या स्नायूंपैकी तो एक आहे. सोपं वाटायला लागलं की पाठीवर दप्तरात तांदूळ भरून घे. पाच किलोंपासून सुरू कर.

आणि लंगडी खेळ. खरंच सांगतो. घोटा आणि पाऊल एकाच वेळी मऊ आणि ताठ ठेवायला शिकवणारा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही, आणि शाळा सुटल्यावर आपण तोच सोडून देतो. नडगीचं दुखणं पूर्ण थांबल्यावर, मातीवर किंवा गवतावर, एका पायावर 20 उड्या, आवाज न करता. मग दुसरा पाय. दोरीवरच्या उड्याही चालतील. दुखत असताना दोन्ही नकोत.

आजोबांचं आता बोलतो. आपल्या भागाला अनवाणी पळण्याची परंपरा आहे आणि ती अभिमानाची आहे. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन धावून 19 वे आलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले बेळगावचे. 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत त्यांनी ती शर्यत पूर्ण केली. त्या काळात पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना बघूनच दोराबजी टाटांनी ऑलिम्पिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. पुढे 1960 मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, आणि चार वर्षांनी टोकियोची बूट घालून. दोन्ही वेळा तो पहिला आला. या सगळ्यांची पावलं लहानपणापासून ढेकळांत, बांधावर, दगडगोट्यांत घडली होती. तुझं पाऊल शाळेपासून बुटात आहे. तेव्हा अनवाणी पळ, पण औषधासारखं, मापात. नडगी शांत झाल्यावर, आठवड्यातून दोनदा, सपाट गवतावर 60 मीटरच्या चार सहज धावा. महिन्याने आठ. बाभळीचे काटे बघून, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे. डांबरावर अनवाणी नको.

बूट साधा घे. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, आणि संध्याकाळी घालून बघ, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जाड टाचेच्या बुटावरून एकदम सपाट तळाच्या बुटावर उडी मारू नकोस, पोटरीला तो चवड्यावर पळण्याएवढाच धक्का आहे.

पळायची जागा बदल. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर गोव्याच्या गाड्या, म्हणून तू समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने पळत असशील, आणि ते बरोबरच आहे. पण डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही वेळा तुझा उजवा पायच खालच्या अंगाला पडतो. सुरक्षितता सोडू नकोस, रस्ता सोड. गावाबाहेरचा मातीचा सपाट रस्ता किंवा शाळेचं मैदान गाठ. मैदानावरही आपण नेहमी एकाच दिशेने राउंड मारतो, सावकाश पळायच्या दिवशी उलट फिर.

हातांचं, मानेचं फार मनावर घेऊ नकोस. मूठ सैल, कोपर मागे, नजर 20-30 मीटर पुढे. पुढे झुकायचं असेल तर घोट्यापासून, कमरेत वाकून नाही.

एक गोष्ट कोणत्याच पुस्तकात सापडत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितो. भात लावणीच्या दिवसांत तू दिवसभर चिखलात वाकून राबतोस, सुगीत डोक्यावर भारे वाहतोस. नडगीला आणि पोटरीला ते कष्ट आणि पळणं यांत फरक कळत नाही. शेतात दिवस गेला तर त्या संध्याकाळी वेगाचं पळणं नाही. मुलं मला हे सांगत नाहीत, घरचं काम हा सरावात धरायचा विषय नाही असं त्यांना वाटतं. माझ्या वहीत मी आता प्रत्येकाच्या पळण्याशेजारी शेतातलं कामही लिहून घेतो, आणि दुखापती कुठल्या आठवड्यात येतात ते त्यावरून आधीच दिसायला लागतं.

पुढचे दोन आठवडे 1600 मीटरचं टायमिंग घेऊच नकोस. एक दिवसाआड मातीवर 15-20 मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगाने. पळताना दुखणं दहात दोनच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं वाटलं, तर पुढचा दिवस सुट्टी. मधल्या दिवसांत पायरीवरचा पोटरीचा व्यायाम. तिसऱ्या आठवड्यापासून मेट्रोनोम, चौथ्यापासून चढ. सहाव्या आठवड्यात ग्राउंडवर चारशेचे चार राउंड, प्रत्येक 84 सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं चालत, पावलं मोजत. चारही राउंड सारख्या वेळात आले आणि नडगी गप्प राहिली तर मग पूर्ण 1600 ची घाई कर.

त्याआधी व्हिडिओ पाठव. बाजूने, स्लो मोशनमध्ये, नेहमीच्या वेगातला. पँट गुडघ्याच्या वर दुमडून घे, म्हणजे नडगी दिसेल. आणि जमलं तर ओल्या मातीतल्या तुझ्या चार-पाच ठशांचा एक फोटोही.